रोहसेनाचे सोने

‘मृच्छकटिक’ या प्रकरणाला ज्या वस्तूने नाव दिले, ती वस्तू दहा अंकांच्या विस्तारात एकदाच, सहाव्या अंकाच्या प्रारंभी, प्रेक्षकांसमोर येते आणि लगेच दिसेनाशी होते. शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळलेला चारुदत्ताचा मुलगा रोहसेन ती गाडी परत गेल्यावर रडू लागतो. रदनिका दासी त्याला मातीची गाडी करून देते. त्याने त्याचे समाधान होत नाही. वसंतसेना आपले अलंकार उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी करून घे म्हणून सांगते. प्रसंग एवढाच. नाटकात प्रीती आहे, राज्यक्रांती आहे, खुनाचा आरोप आहे, न्यायसभा आणि वधस्थान आहे. यांपैकी कशाचेही नाव नाटकाला मिळाले नाही. ते मिळाले एका रडणाऱ्या मुलाच्या खेळण्याला. माती आणि सोने यांच्या विरोधात दारिद्र्य आणि वैभव यांचे प्रतीक पाहून अभ्यासकांनी या नावाची उपपत्ती लावली आहे. ती खोटी नाही; पण तेवढ्याने भागत नाही. अभिजात नाटकाचा आस्वाद आणि अशा नाटकातून कुमार वाचकासाठी जन्मणारी कादंबरी यांचा परस्परसंबंध काय असावा, असा विचार करू लागल्यावर मला पुनःपुन्हा याच मातीच्या गाडीपाशी येऊन थांबावे लागले आहे.

रायपूरसारख्या ठिकाणाहून पाहताना हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या स्वारीबरोबर नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगढात प्रवेश झाला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तोवर, मध्यंतरीच्या इंग्रजी देखरेखीची वर्षे धरून, या मुलुखाचा संबंध त्या घराण्याशी राहिला. त्या काळात आणि पुढे मध्यप्रांताच्या अमदानीत मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच परंपरेतले. अशा घरांतील मुलाची शाळा बहुधा हिंदी, गल्लीतली भाषा छत्तीसगढी, आणि मराठी ही आजीची, सणावाराची, देवघरातली भाषा. मराठी त्याच्या कानावर पडते. तो ती बोलतोही. पण वाचतो असे नाही. आता ‘मृच्छकटिक’ या मुलापर्यंत कसे येते ते पाहावे. एक वाट कानाची आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नाटकाला जे संगीत मराठी रूप दिले, त्यातील पदे जुन्या पिढीच्या ओठांवरून त्याच्याकडे येतात. दुसरी वाट डोळ्यांची. हबीब तन्वीर १९२३ मध्ये याच रायपुरात जन्मले, येथेच शाळेत शिकले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले. १९५८ मध्ये दिल्लीत ‘मिट्टी की गाडी’ बसविताना त्यांनी छत्तीसगढच्या नाचा-परंपरेतले सहा कलावंत सोबत नेले, आणि पुढे हे नाटक छत्तीसगढी बोलीत अधिकाधिक मुरत गेले. म्हणजे एकाच नाटकाचा एक अवतार या मुलाच्या घरात आहे आणि दुसरा त्याच्या अंगणात. तिसरी वाट, पुस्तक हाती घेऊन एकट्याने वाचण्याची, तेवढी ओस आहे. आणि भाषा टिकण्याच्या दृष्टीने तीच निर्णायक आहे.

या तिसऱ्या वाटेवर आपण कुमारांसाठी आजवर प्रामुख्याने जे ठेवले ते म्हणजे सारकथा. ‘संस्कृत नाटकांच्या गोष्टी’, ‘शेक्सपिअरच्या गोष्टी’ अशा नावांचा हा वाङ्मयप्रकार आपल्या इतका परिचयाचा आहे, की त्याच्या उपयुक्ततेविषयी शंका घेणे हेच विपरीत वाटावे. त्याचे कुलदैवत म्हणजे चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावंडांचे १८०७ मधील पुस्तक. वीस नाटके, त्यांपैकी चौदा मेरीने सांगितलेली, सहा चार्ल्सने. प्रस्तावनेत ते सांगतात की पुस्तक विशेषेकरून मुलींसाठी आहे, कारण मुलांना वडिलांचे ग्रंथालय लवकर खुले होते. आणि भावांनी मूळ नाटकातले निवडक उतारे बहिणींना वाचून दाखवावेत. ही योजना प्रेमळ आहे, आणि लॅम्बची भाषा शेक्सपिअरच्या शब्दांना जिवापाड जपणारी आहे हेही मान्य केले पाहिजे. परंतु ‘किंग लिअर’ची त्यांनी सांगितलेली गोष्ट वाचून पाहावी. ग्लॉस्टरची उपकथा तीत जवळजवळ नाहीशी झाली आहे. एका बापाच्या आंधळेपणाशेजारी दुसऱ्या बापाचे आंधळे होणे ठेवण्यात नाटककाराचे जे मर्म होते, ते मुख्य धागा स्वच्छ करण्याच्या नादात सुटून गेले. त्याच १८०७ साली बाउडलर घराण्याचे कुटुंबवत्सल शेक्सपिअरही प्रथम प्रसिद्ध झाले, हा योगायोग मला सूचक वाटतो. एकाने नको ते शब्द काढले, दुसऱ्याने नको ती गुंतागुंत काढली. हेतू दोघांचाही शुद्ध होता.

सारकथेचा दोष ती संक्षिप्त असते हा नव्हे. तिचा दोष असा की ती नाटकाला उत्तर समजते. नाटक हा मुळात अपूर्ण वाङ्मयप्रकार आहे. त्यात जे बोलले जाते त्याच्याभोवती न बोललेल्याचा मोठा अंधार असतो, आणि नट आपल्या देहाने, आवाजाने, थांबण्याने तो अंधार क्षणभर उजळतो. सारकथाकार हा नटही नसतो आणि कादंबरीकारही नसतो. तो बोललेले तेवढे गोळा करतो आणि ‘मग असे झाले’ या सुतात ओवतो. याच रीतीने ‘मृच्छकटिका’चे सार काढले, तर दुसऱ्या अंकातला तो जुगारात हरलेला संवाहक आधी जाईल. तो ओसाड देवळात मूर्ती बनून उभा राहतो, पाठलाग करणारे त्याच्यासमोरच फासे टाकायला बसतात, आणि त्या आवाजाने मूर्तीला राहवत नाही! कथानकाच्या दृष्टीने हा प्रसंग गाळता येतो. पुढे याच संवाहकाचा भिक्षू होऊन तो वसंतसेनेला वाचवतो एवढे एका वाक्यात सांगितले की काम झाले. तिसऱ्या अंकातला शर्विलकही असाच आवरला जाईल. भिंतीला भोक कोणत्या आकाराचे पाडावे याचा शास्त्रोक्त विचार करणारा, मापाची दोरी विसरल्यावर जानव्याने माप घेणारा हा ब्राह्मण चोर मुलांना दाखवावा की नाही, अशी शंकाही कोणी काढील. चौदा वर्षांच्या मुलाला नाटकात धरून ठेवतात ते हेच दोघे. चारुदत्ताच्या सद्गुणांसाठी तो नाटकाला बसत नाही.

पण मला म्हणायचे आहे ते याहून पुढचे आहे. रोहसेनाच्या गाडीत भरलेल्या त्या सोन्याचे पुढे काय होते, ते लक्षपूर्वक पाहावे.

वसंतसेनेने दिलेले अलंकार चारुदत्त ठेवून घेत नाही. ते तिला परत करावेत म्हणून तो मैत्रेयाजवळ देतो. मैत्रेय ते घेऊन निघतो आणि वाटेत त्याला कळते की आपल्या मित्राला न्यायसभेत बोलावले आहे. तो तिकडे धावतो. तेथे शकार चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप करीत असतो. संतापलेला मैत्रेय त्याच्या अंगावर जातो, झटापट होते, आणि त्या झटापटीत मैत्रेयाजवळचे अलंकार सर्वांसमक्ष खाली पडतात. यापूर्वी पुरावा संशयास्पद होता. न्यायाधीश मनाने चारुदत्ताच्या बाजूचा होता. वसंतसेनेची वृद्ध माता तर ते अलंकार ओळखूनही न ओळखल्यासारखे करते. आपल्या मुलीच्या मारेकऱ्याला नव्हे, मुलीच्या प्रियकराला वाचविण्यासाठी ती धडपडते. पण चारुदत्ताला खोटे बोलता येत नाही. सोने वसंतसेनेचे आहे हे ठरते आणि राजा पालक त्याला सुळाची शिक्षा फर्मावतो.

या साखळीतील एकेक कडी पुन्हा हाताळून पाहावी. मुलाने शेजाऱ्यासारखी गाडी मागितली, यात अपराध नाही. एका स्त्रीने आपले अलंकार काढून दिले, ते निव्वळ वात्सल्य. बापाने परक्याचे सोने परत पाठविले, तो प्रामाणिकपणा. मित्र खवळला, ती निष्ठा. चारुदत्त खोटे बोलला नाही, ते सत्य. आणि या सगळ्यांचा मिळून फास तयार झाला. शकाराची दुष्टता फार तर या फासाला गाठ मारते. दोर विणला तो सज्जनांनी. संस्कृत नाटकाला शोकांतिका नाही, असे आपण शिकत आणि शिकवीत आलो. ‘मृच्छकटिका’च्या पोटात एक शोकांतिका संपूर्णपणे रचून ठेवलेली आहे, केवळ शेवटच्या क्षणी भिक्षूबरोबर वसंतसेना येऊन पोहोचते म्हणून ती टळते.

ही साखळी सुरू झाली कोठून? रोहसेनाच्या रडण्यातून. दहाव्या अंकात या मुलाला वधस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवर आणले जाते. चारुदत्ताजवळ त्याला देण्यासारखे काही उरलेले नाही. तो आपले जानवे देतो. मूल चांडाळांना म्हणते की बाबांना सोडा, मला मारा. हा उद्गार प्रेक्षकांचे डोळे ओले करतो आणि प्रयोग पुढे सरकतो. पण त्या मुलाला ठाऊक आहे काय, की आपल्या गाडीतल्या सोन्याने बापाला येथवर आणले? नाटकात ते त्याला कोणीही सांगत नाही. सांगण्याइतका वेळ नाही, आणि तो तेवढा मोठाही नाही. नाटक संपते, आर्यक राजा होतो, वसंतसेना वधू होते, शकाराला अभय मिळते. पुढे कधीतरी, रोहसेन बारा किंवा चौदा वर्षांचा झाल्यावर, घरातली कोणी वृद्ध दासी, कदाचित रदनिकाच, बोलता बोलता ती गोष्ट बोलून जाईल. त्या क्षणी जे सुरू होईल ते नाटक नव्हे. ती कादंबरी आहे, आणि ती कुमाराचीच कादंबरी आहे. कारण आपल्या निरुपद्रवी इच्छेचे परिणाम आपल्या हातांपलीकडे जाऊन पोहोचतात, हा शोध माणसाला प्रथम त्याच वयात लागतो. लहान मुलाला तो पेलत नाही आणि प्रौढाला त्याची सवय होऊन गेलेली असते.

अभिजात नाटकातून निघालेली कुमार कादंबरी मी जिला म्हणतो ती ही. नाटकाची गोष्ट सोपी करून सांगणारी नव्हे. नाटकाने उघडे ठेवलेले दार ओलांडून आत जाणारी.

कोणी म्हणेल, हा एका नाटकाचा अपवाद झाला. तसे नाही. ‘मुद्राराक्षस’ घ्यावे. राजकारणाचे हे कोरडे, कठोर नाटक. यात नायिका नाही, आणि स्त्रीपात्र म्हणावे तर चंदनदासाची पत्नी, तीही शेवटच्या अंकापुरती. परंतु ज्या मुद्रेवर सगळे राजकारण फिरते ती चाणक्याच्या हाती कशी येते? चंदनदासाच्या घरात राक्षसाचे कुटुंब लपलेले असते. पाचएक वर्षांचा एक मुलगा बाहेर काय चालले आहे ते पाहण्याच्या कुतूहलाने दाराबाहेर डोकावतो. आत गडबड उडते; एक स्त्री हात लांबवून त्याला आत ओढते; तिच्या बोटातली पुरुषी मापाची अंगठी सैल असल्यामुळे निसटून उंबऱ्यावर पडते आणि गडगडत चाणक्याच्या हेरापाशी येऊन थांबते. मुलाच्या कुतूहलाची शिक्षा त्याच्या बापाला सात अंकभर भोगावी लागते. विशाखदत्ताने या मुलाला पुन्हा एकदाही आणले नाही. आणि ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात सर्वदमनाच्या हाती दिला जातो तोही एक मातीचा मोर, ‘शकुंत’ या शब्दाच्या श्लेषातून मुलाला आपल्या आईचे नाव ऐकू येते आणि दुष्यंताला आशा वाटू लागते. मातीची गाडी, सैल अंगठी, मातीचा मोर: तीन थोर नाटककारांनी नाटकाची कळ मुलांच्या हाती ठेवली आणि मुले मात्र क्षणभर दाखवून आत नेली. रंगभूमीची ती मर्यादा असेल. कादंबरीची ती नाही.

‘मुद्राराक्षसा’च्या बाबतीत आपल्याकडे हे दार ओलांडले गेले आहे, ही समाधानाची गोष्ट. तंजावरच्या भोसल्यांच्या छत्राखाली ढुंढिराजाने १७१३ मध्ये या नाटकावर टीका लिहिताना तिच्या उपोद्घातात नंद आणि मौर्य यांची पूर्वकथा सांगितली. हे टीकाकाराचे कर्तव्य म्हणून केलेले असले, तरी नाटकाबाहेरच्या काळोखात टाकलेले ते एक पाऊल होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हरिभाऊ आपट्यांनी ‘चंद्रगुप्त’ लिहिली. नाटक नंदांच्या नाशानंतर सुरू होते. हरिभाऊंनी कादंबरी त्या नाशाकडेच वळविली आणि मुरादेवीच्या सूडाला तिच्या केंद्राशी आणले. ‘करमणूक’च्या या संपादकाला घरातले सगळे वाचक डोळ्यांसमोर होते, ‘कुमार कादंबरी’ अशी पाटी त्यांनी कोठे लावली नाही. तरीही मराठी कुमारांच्या कित्येक पिढ्यांनी ती आपली मानून वाचली, आणि माझ्या मते त्याचे कारण चाणक्याची कारस्थाने हे जितके आहे तितकेच अपमान गिळून बसलेली, पोटी जन्मलेल्या मुलाचा हक्क हिरावला गेलेली एक आई हेही आहे. कुमाराला बुद्धीचा खेळ आवडतो खरा. पण घरातल्या मोठ्या माणसांनी आपल्यापासून काय लपविले आहे, याचा शोध त्याला त्याहून अधिक आवडतो. हरिभाऊंची भाषा आज लांबण लावणारी वाटते, मधूनमधून ते वाचकाला हाताशी धरून उपदेशही करतात. असे असूनही सारकथेच्या दहा पुस्तकांपेक्षा ही एक कादंबरी ‘मुद्राराक्षसा’कडे अधिक वाचक पाठवू शकते, कारण ती वाचून झाल्यावर नाटकात काय आहे हे कळलेले नसते, ते पाहावेसे वाटू लागलेले असते.

या कसोटीचा उपयोग परभाषेतल्या कुमार कादंबऱ्यांनाही होतो. सुझन कूपर यांची ‘किंग ऑफ शॅडोज’ (१९९९) ही मला या प्रकारातील उत्तम कृती वाटते. नॅट फील्ड हा आजचा नटमुलगा ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील पकची भूमिका करण्यासाठी लंडनला येतो आणि एका सकाळी १५९९ मध्ये जागा होतो, तेथे स्वतः शेक्सपिअरबरोबर त्याला त्याच नाटकात काम करावे लागते. नॅटच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे. शेक्सपिअरचा मुलगा तीन वर्षांपूर्वी वारलेला आहे. एकाला बाप नाही, दुसऱ्याला मुलगा नाही. कूपर हे नाते फार हळुवारपणे हाताळतात आणि नाटकाचा सारांश मात्र कोठेही देत नाहीत. नाटक येते ते पाठांतराची भीती, रंगपटातली घाई, प्रेक्षागृहाचा वास, या वाटेने. मिर्याम प्रेस्लर यांनी त्याच वर्षी जर्मनमध्ये ‘शायलॉक्स टोख्टर’ लिहिली. तीत जेसिका आपले घर आणि धर्म सोडून जाते तेव्हा नेमके काय सोडते, हे व्हेनिसच्या ज्यू वस्तीत शिरून पाहिले आहे. अॅन फ्रँकची रोजनिशी जर्मनमध्ये आणणाऱ्या लेखिकेने हा विषय घ्यावा यात नवल नाही. याउलट लिसा क्लाइन यांच्या ‘ओफीलिया’त (२००६) नायिका मरणाचे सोंग करून निसटते आणि जिवंत राहते. तरुण वाचकाला हा शेवट सुखावत असेल, ओफीलियाच्या बाजूने बोलण्याची लेखिकेची तळमळही खरी आहे. पण ओफीलियाचे प्रेत हा एल्सिनोरवरचा आरोप होता. ती वाचली की तो आरोप मागे घेतला जातो. दार ओलांडून आत जाणे निराळे आणि घराची भिंत पाडणे निराळे. कुमार वाचकावर दया करण्याची ही जी सवय आहे, तिचे कूळ मला पुन्हा १८०७ मध्येच सापडते.

आता शिष्टाचाराचा प्रश्न. वसंतसेना ही गणिका आहे आणि चारुदत्त विवाहित आहे. मग मुलांच्या पुस्तकात काय करावे? आपल्याकडे अशा वेळी तिला ‘नगरातील एक धनाढ्य तरुणी’ करून टाकण्याचा मोह होतो. शूद्रकाने मात्र हा प्रश्न दुसऱ्या कोणाच्या नव्हे, त्या मुलाच्याच तोंडी घातला आहे. ही कोण, असे रोहसेन विचारतो; रदनिका सांगते की ही तुझी आई. मूल ते मानत नाही. आपली आई असती तर हिच्या अंगावर दागिने कसे असते, असे त्याचे म्हणणे. वसंतसेना रडत रडत दागिने उतरविते आणि म्हणते की आता झाले मी तुझी आई. गणिका, पत्नी, माता, दारिद्र्य, मालकी या सर्वांविषयीचा एवढा नेमका संवाद प्रौढ पात्रांच्या वाट्यालाही नाटकात आलेला नाही. ज्या मुलाला हे दिसते त्याच्यापासून आपण काय लपवणार? लपविल्यावर उरते ते इतकेच की दागिने का उतरले हे कळत नाही, आणि दागिने का उतरले हे कळले नाही तर फास कसा पडला हेही कळत नाही. सोवळेपणाने कथानकच मोडते.

खऱ्या अर्थाने कुमारवयीन नायक पाहायचे तर ‘उत्तररामचरिता’कडे यावे. रायपूरहून नागपूरला जाताना डोंगरगढ मागे टाकल्यावर आमगाव हे स्थानक लागते, वा. वि. मिराशींनी भवभूतीचे पद्मपूर ते याच आमगावजवळचे असे मानले. ते मत मान्य असो वा नसो, या वाटेने जाताना भवभूतीची आठवण व्हावी हे मला आवडते. त्याचे लव आणि कुश बारा वर्षांचे आहेत. बापाला त्यांनी पाहिलेले नाही. त्याचे चरित्र मात्र पाठ आहे. पाचव्या अंकात लव चंद्रकेतूसमोर रामाच्या पराक्रमाची उजळणी करतो ती ताटकेचा वध, खराशी लढताना मागे घेतलेली पावले आणि वालीचा वध या तीन ठिकाणी बोट ठेवून. आणि वर म्हणतो की वडीलधाऱ्यांची चर्चा आपण करू नये. ज्याची थट्टा चालली आहे तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नाही. प्रेक्षकांना ठाऊक आहे. मुलाने आदर्शाची झडती घेणे आणि तो आदर्श म्हणजे आपलेच रक्त निघणे, यापलीकडे कुमार कादंबरीला आणखी कोणता विषय हवा? भवभूतीने शेवटी सर्वांचे मीलन घडविले आणि लवाचे ते तीन आक्षेप अनुत्तरितच राहिले. आपण मात्र लवकुशांना रामायण गाणारी दोन गोड मुले करून सोडली. त्यांच्या हाती वीणा दिली आणि जीभ काढून घेतली.

आक्षेप एकच गंभीर आहे: अशा कादंबऱ्या मूळ नाटकाची जागा घेतील, रंगभूमीचा आस्वाद मागे पडेल. याचे उत्तर मला तन्वीरांच्या प्रयोगात सापडते. संस्कृत नाटकातील पात्र रंगमंचावर एक फेरी मारते आणि उज्जयिनीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचते. पडदे रंगविण्याच्या आपल्या हौसेने ही मोकळीक आपण घालविली होती. नाचाच्या कलावंतांजवळ ती जिवंत होती, म्हणून तन्वीर त्यांच्याकडे गेले. त्यांनी शूद्रकाला सोपे केले नाही. शूद्रकाची जी गोष्ट छत्तीसगढच्या गावात अजून चालू होती ती त्याला परत नेऊन दिली. कादंबरीकारालाही नाटकाकडे असेच जाता येईल. आणि विस्ताराचे भय शूद्रकाला तरी नव्हते. गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केलेल्या नाटकांतील भासाचे ‘चारुदत्त’ चार अंकांवर थांबते. बहुतेक अभ्यासकांच्या मते शूद्रकाने तेच घेऊन दहा अंकांपर्यंत वाढविले. त्या चार अंकांत मातीची गाडी नाही. म्हणजे ज्या वस्तूवरून आज हे नाटक ओळखले जाते, ती कोणा एका वाचकाने आधीच्या नाटकात आणून ठेवलेली भर आहे.

भाषेविषयीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ‘मृच्छकटिका’त प्राकृतांची जी दाटी आहे तिची वाटणी टीकाकार पृथ्वीधराने नोंदविली आहे. चारुदत्त संस्कृत बोलतो. रोहसेन मात्र पृथ्वीधराच्या यादीत मागधी बोलणाऱ्यांत आहे, म्हणजे गाडीवान चाकर, संवाहक, भिक्षू यांच्या रांगेत. बापाची भाषा त्याच्या तोंडी अजून आलेली नाही. ज्यांच्या कडेवर तो वाढतो त्यांची आली आहे. रायपुरातल्या मराठी घरातील मुलाला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. त्याच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबरीची मराठी कशी असावी, याचेही उत्तर या यादीत आहे असे मला वाटते. ती सारकथेची धुतलेली, प्रमाणित, कोणाच्याच तोंडची नसलेली मराठी नसावी. रोहसेन बापाशी एका भाषेत आणि रदनिकेशी दुसऱ्या भाषेत बोलेल. ती दुसरी भाषा येथे छत्तीसगढीच्या अंगाने जाईल, कोकणात आणखी कशाच्या. शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांना हे रुचणार नाही. शूद्रकाला रुचले असते.

दहाव्या अंकाच्या अखेरीस काही प्रतींत एक प्रसंग येतो. चारुदत्त सुटल्याची वार्ता पोहोचलेली नाही. त्याची पत्नी धूता अग्निप्रवेशाला निघाली आहे. रोहसेन तिचा पदर धरून मागे ओढतो आहे. हा भाग नीलकंठ नावाच्या कोणा लेखकाने मागाहून घातला अशी परंपरा आहे आणि अनेक संपादक तो प्रक्षिप्त म्हणून बाजूला ठेवतात. संपादक म्हणून ते योग्यच करतात. परंतु मला त्या नीलकंठाविषयी आपुलकी वाटते. सर्वांची व्यवस्था लावून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले असावे की मुलगा वाटेवर तसाच राहिला आहे. म्हणून त्याने एक दृश्य लिहिले आणि पोराला आईच्या पदरापर्यंत आणून सोडले. चारुदत्त धावत येतो, मुलाला पोटाशी धरतो. गाडीविषयी मुलगा तेथेही काही विचारत नाही, आणि बापही काही सांगत नाही.